बुशला पाजलेलं एरंडेल

"थांब, थांब! प्रेशर सोड!"

कलिया अण्णे ओरडले तेव्हा माझा हात हायड्रॉलिक प्रेसच्या दांड्यावर होता. मी दांडा सोडला आणि व्हॉल्व्ह फिरवला. प्रेस हळूहळू वर गेला. त्याच्याखाली एका जुन्या मोटरसायकलचा स्विंगआर्म होता. अण्णेंनी वाकून त्याला स्टीलची पट्टी लावली, एक डोळा मिटून उजेडाकडे पाहिलं.

"वाकला नाहीये. अजून एकदा दांडा मारला असतास तर वाकला असता."

"मग आवाज कसला आला?"

"रबर फाटल्याचा. बघ, काय बाहेर पडलंय."

खाली काळ्या रबराचा गोळा पडला होता आणि त्यात एक बारीक लोखंडी नळी होती. हे बाहेर यायला हवंच होतं. पण त्याच्यासोबत एक मोठी नळीही यायला हवी होती. ती जिथल्या तिथे होती.

आधी थोडं सांगते. मी तंजावरच्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अप्पा शिवणकाम करतात, अम्मा काजं-बटणं करते. दुपारनंतर आणि सुट्टीच्या दिवशी मी कलियपेरुमाळ यांच्या वर्कशॉपमध्ये काम शिकते. सगळे त्यांना कलिया अण्णे म्हणतात, मीही म्हणते. जुन्या मोटरसायकली सुट्या करून पुन्हा नव्यासारख्या उभ्या करणं हे त्यांचं काम. आमच्या घरात मराठी, घराबाहेर तमिळ. अण्णेंचं आणि माझं सगळं बोलणं तमिळमध्ये झालं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

आता बुश म्हणजे काय ते. स्विंगआर्म हा मागचं चाक धरणारा लोखंडी काटा. तो पुढच्या टोकाला फ्रेमला जोडलेला असतो आणि खड्डा आला की त्या जोडावर वरखाली हलतो. त्या जोडात लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून बुश असतो. आत एक बारीक नळी, बाहेर एक मोठी नळी आणि मध्ये दोन्हींना कारखान्यातच घट्ट चिकटवलेलं रबर. चाक हललं की रबर पीळ घेतं आणि परत सरळ होतं. बाहेरच्या नळीला आम्ही स्लीव्ह म्हणतो. ती स्विंगआर्मच्या टोकाच्या जाड कड्यात ठोकून बसवलेली असते. त्या कड्याचं नाव हाउसिंग. डावीकडचा बुश सकाळी गुपचूप निघाला होता. उजवीकडच्यानं रबर दिलं, स्लीव्ह दिली नाही.

बुश काढल्याशिवाय रंग देता येत नाही. आजकाल आम्ही फ्रेमला पावडर कोटिंग करतो. कोरडी पावडर विजेच्या भारानं लोखंडाला चिकटवायची आणि ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीच्या आसपास भाजायची. त्या उष्णतेत रबर धूर सोडतं, चिकट होऊन वाहतं, शेजारच्या रंगावर फोड येतात. ओव्हनवाला जोसेफ अण्णा रबराचा तुकडा जरी दिसला तरी माल परत पाठवतो.

मी घाबरत विचारलं, "रबर तर निघालं. नुसती स्लीव्ह आत ठेवून भाजलं तर?"

"आणि नवा बुश कुठे बसवणार? तुझ्या डोक्यात?" अण्णे म्हणाले. "रंगवल्यावर स्लीव्ह काढायला ठोकाठोक केली की रंग गेला. आधीच निघायला हवी, इंजिनियरम्मा."

इंजिनियरम्मा हे माझं तिथलं नाव. काम नीट झालं की ते प्रेमानं म्हणतात आणि बिघडलं की टोमणा म्हणून. त्या दिवशी कोणतं होतं ते मला कळलं नाही.

गाडी होती डॉक्टर माधवरावांची. ते जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. आमच्यासारखेच तंजावरचे मराठी. नोकरीची सगळी वर्षं ते ह्याच गाडीवरून कालव्यांच्या काठांनी गावोगाव फिरले. कुठे गाय अडली, कुठे बैलाचं पोट फुगलं की हे निघाले. गेली काही वर्षं गाडी शेडमध्ये पडून होती. आता त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, दीपावलीनंतर लगेच. सर्जननं सांगितलं होतं, त्यानंतर किक मारायची नाही. आणि ह्या गाडीला किकशिवाय दुसरा मार्ग नाही.

"एकदा पापनाशमपर्यंत जाऊन यायचं आहे," ते गाडी सोडायला आले तेव्हा म्हणाले होते. "मागं बसून नक्को. मीच चालवत."

ऑपरेशनच्या आधी गाडी रस्त्यावर यायची तर फ्रेम आणि स्विंगआर्म विजयादशमीच्या बॅचमध्ये भाजून निघायला हवे होते. त्यानंतर जोसेफ अण्णाचा ओव्हन एका मोठ्या गेटच्या ऑर्डरसाठी महिनाभर बुक होता. नुसती फ्रेम आत्ता आणि स्विंगआर्म नंतर, असंही चालणार नव्हतं, कारण चाक त्याच्याशिवाय बसत नाही. दुसरा स्विंगआर्म शोधायला अण्णेंनी चेन्नई, कोइंबतूर सगळीकडे फोन केले होते. एक मिळाला, तो वाकडा होता.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. आणि आयुधपूजा उद्यावर आली होती.

स्लीव्ह अडकली की करायच्या नेहमीच्या गोष्टी आम्ही केल्या. केरोसीन सोडलं. डिझेल सोडलं. गॅसच्या ज्योतीनं हाउसिंग तापवलं. राहिलेलं रबर जळून गेलं आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीतले लोक विचारायला आले की काय मेलं. स्लीव्ह हलली नाही.

शेवटचा उपाय हॅकसॉ. ब्लेड नळीच्या आत घालायचं आणि आतून स्लीव्हला एक उभी चीर पाडायची. तिचा ताण सुटतो आणि ती आत दुमडते. अण्णेंनी ब्लेड हातात घेतलं, हाउसिंगवर टॉर्च मारला आणि ब्लेड परत ठेवलं.

"गंजानं हाउसिंगच पातळ झालंय. स्लीव्ह कुठे संपते आणि हे कुठे सुरू होतं, दिसत नाही. एक ओरखडा हाउसिंगला लागला तर तिथूनच तडा जाणार. म्हातारा माणूस बसणार आहे ह्याच्यावर." त्यांनी टॉर्च बंद केला. मग म्हणाले, "उद्या डॉक्टरांना सांगू, दीपावलीनंतर बघू."

दीपावलीनंतर म्हणजे कधीच नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

ते पूजेचं सामान आणायला गेले. मी तिथेच बसून राहिले. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून हाउसिंगच्या कडेवरचा मळ पिनेनं खरवडत होते. तो गंज नव्हता. गंज भुकटी होऊन पडतो. हे तपकिरी होतं, चिवट, जुन्या गोंदासारखं. मी केरोसीनच्या चिंधीनं पुसलं. गेलं नाही. पेट्रोलनं पुसलं. तेही नाही. वर्कशॉपमधली कुठलीही घाण पेट्रोलनं थोडी तरी सुटते. ही ढिम्म होती. वास घेतला. वास ओळखीचा होता, पण आठवेना.

डॉक्टरांना फोन करावा की नाही, ह्यात बराच वेळ गेला. एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारायचं, तुम्ही गाडीला काय फासलंत? शेवटी केला.

"डॉक्टर, मी रुक्मिणी. कलिया अण्णेंच्या वर्कशॉपमधून."

"हां, शिवणाऱ्या रंगोबांची लेक. जेवलीस कां?"

"जेवले. डॉक्टर, एक विचारू? मागच्या चाकाच्या बुशमध्ये तुम्ही कधी काही घातलं होतं का?"

"होय की!" त्यांचा आवाज एकदम खुलला. "दर आयुधपूजेला. गाडी धुवायची, कुंकू लावायचं आणि दोन्ही बुशात एरंडेल सोडायचं. एक वर्ष चुकलं नाही. उजवीकडे जरा जास्तच, तिकडून कुरकुरायचं. एरंडेल माझ्या पिशवीत असायचंच, बैलांना पाजायला."

बुशला तेल लागत नाही. त्यात घासण्यासारखं काही नसतंच, नुसतं रबर पिळतं. त्यांनी इतकी वर्षं प्रेमानं तेल पाजलं होतं. ते स्लीव्ह आणि हाउसिंगच्या फटीत झिरपलं आणि सुकून गोंद झालं. तसं तोंडावर कसं सांगायचं?

"चांगलं केलंत," मी म्हणाले. "फक्त ते आता चिकटून बसलंय. केरोसीननं जात नाहीये."

"केरोसीननं कसं जाईल? अगं, हाताला एरंडेल लागलं की मी केरोसीनला हात लावत नसे. स्पिरिटनं पुसायचं. इंजेक्शनच्या आधी लावतात ते. एकदा पुसलं की साफ."

त्यांच्यासाठी ती हात पुसण्याची गोष्ट होती. मी फोन ठेवला आणि धावत मेडिकलमध्ये गेले.

बाटलीच्या एका झाकणात स्पिरिट घेतलं, दुसऱ्यात पेट्रोल. दोन्हीत खरवडलेल्या मळाचा एकेक कण टाकला. पेट्रोलमधला कण होता तसाच राहिला. स्पिरिटमधला कडेनं मऊ पडला आणि झाकणात तपकिरी रेघ सुटली. मग कॉलेजातलं आठवलं. एरंडेल इतर तेलांसारखं नाही, ते अल्कोहोलमध्ये, म्हणजे स्पिरिटमध्येही, विरघळतं, हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते कधी हाताला लागेल असं वाटलं नव्हतं.

अण्णे पिशव्या घेऊन आले. मी झाकणं दाखवली आणि डॉक्टर फोनवर काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी स्पिरिटचं झाकण उजेडात धरलं.

"बैलाचं औषध," ते म्हणाले. "गाडीला. दर वर्षी." मग इतके हसले की टेकून उभे राहिले. "बरं, मऊ होईल. पण ओढणार कशानं? प्रेसवर मी पुन्हा चढवणार नाही."

प्रेसची अडचण अशी की तो स्विंगआर्मला वरून दाबतो आणि काटा मध्येच वाकू पाहतो. मला वाटत होतं की जोर फक्त स्लीव्ह आणि हाउसिंग ह्या दोघांतच लागला पाहिजे. ह्याला पुलर लागतो. आटे पाडलेला एक रॉड स्लीव्हमधून आरपार घालायचा. एका बाजूला स्लीव्हच्या काठावर बसणारी चकती, दुसऱ्या बाजूला हाउसिंगच्या तोंडावर टेकणारा मोठा पाइप. नट फिरवला की चकती स्लीव्हला ढकलते आणि स्लीव्ह समोरच्या पाइपात सरकते. सगळं जमून येतं ते चकतीवर. ती स्लीव्हच्या काठाला पुरेल एवढी मोठी हवी, पण हाउसिंगमधून आरपार जाईल एवढी लहान. हा फरक नखाएवढासुद्धा नाही.

"अशी चकती बाजारात मिळत नाही," अण्णे म्हणाले.

"मी करते. कॉलेजच्या लेथवर."

हे माझ्याच तोंडून निघून गेलं. लेथवर मी तोवर फक्त प्रॅक्टिकलचे जॉब केले होते. संध्याकाळी वर्कशॉप लॅब बंद होण्याआधी चकती झाली. पहिली वाया गेली, दुसरी बसली.

आयुधपूजेच्या सकाळी आम्ही पुलर चढवला. फटीत स्पिरिट सोडलं, दोन्ही तोंडांना स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस कोंबला. स्पिरिट उडून जातं, म्हणून वरून पॉलिथिन गुंडाळून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलं. अण्णेंनी नट ताणून बसवला. स्लीव्ह हलली नाही, पण रॉड तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ झाला.

एवढ्यात पूजेची वेळ झाली. आमच्याकडे ह्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून ओळीनं मांडतात. चंदन, कुंकू, झेंडूची माळ. चुरमुरे आणि फुटाण्यांचा ढीग. कापूर ओवाळला की त्यानंतर कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. त्यांची ती सुट्टी. विजयादशमीला सकाळी पुन्हा हातात घ्यायची.

वर्कशॉप माणसांनी भरलं होतं. जोसेफ अण्णाही मिठाई घेऊन आला होता. कलिया अण्णेंनी ताटात कापराचा डोंगर रचला, पेटवला, नट आवळायचे पाने ओवाळले, प्रेस ओवाळला आणि ताट घेऊन स्विंगआर्मकडे निघाले.

एवढ्या लोकांत बोलायचं म्हणजे माझा आवाज फुटत नाही. आणि पूजा चालू असताना थांबवायचं?

"अण्णे," मी म्हणाले. ऐकू गेलं नसावं. "अण्णे! कापूर तिकडे नको!"

घंटा थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय?"

"स्पिरिट आहे त्यात. भडकेल."

अण्णे ताट धरून जागच्या जागी उभे राहिले. जोसेफ अण्णा मोठ्यानं हसला. "कलिया, माझ्या ओव्हनला सुट्टी म्हणून तू इथेच भाजतोस की काय?"

"गप रे." अण्णेंनी माझ्याकडे पाहिलं. "पण पूजा तर व्हायला हवी. उद्याचं सगळं काम त्याच्यावरच अवलंबून आहे."

मग आम्ही दोघांनी पुलर चढवलेला तो स्विंगआर्म स्टँडसकट उचलून मागच्या अंगणात मोकळ्या हवेत नेऊन ठेवला. मी नटाला कुंकू लावलं, रॉडला झेंडूचं फूल बांधलं. अण्णेंनी पुढच्या दारात उभं राहून तिथूनच ताट ओवाळलं.

"देवाला दुरूनही दिसतं," ते म्हणाले. नंतर रस्त्यावर कोहळा फोडला आणि सगळ्यांना चुरमुरे वाटले.

दुपारी मी मागे जाऊन पाहिलं. पॉलिथिनच्या खाली ठेवलेल्या डब्यात तपकिरी थेंब पडले होते. म्हणजे काहीतरी सुटत होतं. आत्ता नट थोडा आवळला तर? पाना शेजारीच होता, कुंकवाच्या टिळ्यासकट. माझा हात गेलाच होता.

"हात मागे," मागून आवाज आला.

"अण्णे, फक्त अर्धा फेरा."

"सुट्टी म्हणजे सुट्टी. त्याचीही आणि तुझीही. घरी जा."

मी कापसावर स्पिरिट तेवढं सोडलं. ते हत्यार नाही, असा त्यावर निकाल मिळाला. घरी गेले तरी लक्ष तिकडेच. अम्मा म्हणाली, "जेव ग आधी. लोखंड कुठं पळून जातंय?"

विजयादशमीला आमच्याकडे लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला बसवतात. नवं काही सुरू करायचं ते ह्याच दिवशी. मी पोचले तेव्हा अण्णे स्विंगआर्म आत आणून ठेवत होते. त्यांनी हत्यारांना नमस्कार केला, मोठा पाना उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"पहिला हात तुझा."

"मी? अण्णे, तुम्हीच..."

"चकती कुणाची?"

मी पाना लावला आणि ओढला. काही नाही. पाय रोवून पुन्हा ओढला. पाना अचानक हलका झाला आणि सर्रकन फिरला. वाटलं, आटे गेले. रॉड कामातून गेला.

तेवढ्यात आतून एक कोरडा, स्वच्छ आवाज आला. टक्.

अण्णेंनी टॉर्च मारला. हाउसिंगच्या काठावर, पाइपच्या आत, एक बारीक चमकती कड दिसत होती. काल ती तिथे नव्हती.

"ओढ," ते म्हणाले. "थांबू नकोस. ओढ!"

मी ओढत राहिले. प्रत्येक पाव फेऱ्याला ती कड पुढे येत गेली. शेवटी स्लीव्ह पाइपात टणकन पडली. मी ती हातात घेतली. अंगावर एरंडेलाचा तपकिरी थर होता, साबणासारखा मऊ झालेला. अण्णेंनी हाउसिंगमध्ये बोट घालून गोल फिरवलं, मग नख फिरवलं.

"कुठेही नख अडकत नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडून ह्याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही. मग त्यांनी फोन लावला. "जोसेफ! ओव्हन तापव. आणतोय."

फ्रेम आणि स्विंगआर्म एकाच बॅचमध्ये निघाले, गडद मरून, एकही फोड नाही. नवे बुश रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले. गारव्यानं स्लीव्ह किंचित आकसते आणि सहज बसते. अम्माला वाटलं मी मासे आणले.

शेवटचं एक काम उरलं होतं. बुशचा मुख्य नट गाडी अधांतरी असताना आवळायचा नाही. नाहीतर माणूस बसल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वजन गाडीवर असतानाच आवळायचा. म्हणून मी डॉक्टरांना बोलावलं.

"बसा, डॉक्टर."

ते सीटवर बसले. पाय दोन्ही बाजूंना टेकले. मी खाली वाकून नट आवळला. ते वरून म्हणाले, "इतक्या वर्षांनी बसतोय ग," आणि हँडल दोन्ही हातांनी धरलं.

किक त्यांनीच मारली. गुडघ्याला हात लावत, पण त्यांनीच. ते पापनाशमच्या रस्त्याला लागले आणि मी अण्णेंच्या मोपेडवरून मागे. दोन्ही बाजूंना कोवळ्या भाताचे पट्टे. एका ठिकाणी रस्ता खचून मोठा खड्डा पडला होता. मागचं चाक खाली गेलं, वर आलं. ना कुरकुर, ना ठोका. डॉक्टरांनी मागे वळून न बघता एक हात वर केला.

पापनाशमच्या बसस्टँडजवळ आम्ही कॉफी प्यायलो.

"आता ह्या बुशात कुठलं तेल घालायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठलंच नाही, डॉक्टर."

"पूजेला, थोडंसं?"

"थोडंसंही नको."

त्यांनी पिशवीतून एरंडेलाची भरलेली बाटली काढली, माझ्याकडे दिली आणि हसले. "मग हे तुमच्याकडे असू दे. मला मोह नक्को."

ती बाटली आता वर्कशॉपच्या देव्हाऱ्याजवळ आहे. दिव्याला चांगली चालते.

तेव्हापासून जुनी गाडी आली की पाना उचलायच्या आधी मी मालकाला विचारते, तुम्ही हिला काय काय पाजलंय? बहुतेक जण म्हणतात, काहीच नाही. मग मी वास घेते.